गलोंड्याच्या वडापावला मी दिलेले अकरा मार्क

ऋचा आणि नील, तुमच्या आजोबांची बातमी तुम्हाला मीच फोनवरून सांगितली. घरचा फोन नेमका बंद पडला होता म्हणून टोकरखाड्याच्या नाक्यावरच्या बूथमधून, काचेच्या दारापलीकडे तीन माणसं ताटकळत उभी असताना. तुमच्या आईला बोलवेना म्हणून फोन नीलने घेतला. नऊ वर्षांच्या मुलाला अशा वेळी काय बोलायचं ते कुठून सुचणार... तू एवढंच विचारलंस, "आजी, आजोबांना तो वडापाव शेवटी सापडला का गं?" मी म्हटलं, "नाही रे बाळा. नाही सापडला." मग वेळ संपत आली असं सांगून मी फोन ठेवला.

त्याला आता सात आठवडे झाले. रोज सकाळी अंघोळ झाल्यावर मी टेबलाशी बसते, तुम्हाला पत्र लिहायला घेते आणि त्या उत्तरापाशी अडते. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, मुलांच्या चुका लाल शाईने सुधारल्या. माझ्या स्वतःच्या उत्तरातली चूक मला तशीच ठेवता येत नाही. आजोबा ज्याला शोधत होते तो वडापाव सिल्वासात होता. घरापासून स्कूटरने अर्ध्या तासावर होता. मला तो सापडला होता, आणि मी तो त्यांना सापडू दिला नाही. हे लिहून मी वर्तमानपत्राच्या पुरवणीकडे पाठवते आहे. छापून आलं तर कात्रण पाठवीन, आई तुम्हाला वाचून दाखवील. पत्रात लिहिलं असतं तर मी ते फाडून टाकलं असतं, हे मला माहीत आहे.

तुम्ही तिकडे परदेशात जे डब्यात नेता त्याला सँडविच म्हणतात, आणि वडापाव म्हणजे मुंबईचं बटाट्याचं सँडविच, असं मी तुम्हाला एकदा पत्रात समजावलं होतं. आजोबांनी ते पत्र पाकिटात घालण्याआधी वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाले, "विमल, असं लिहू नकोस. सँडविच गार असतं. पोरं गार वडापाव खातील तिकडे." शेवटी मला समासात लिहावं लागलं की वडापाव गरमच खायचा असतो. ते मोजणी खात्यात होते. जमिनी मोजणं हे त्यांचं काम. लालबागच्या चाळीत राहून दिवसा नोकरी आणि संध्याकाळी मोजणीचा अभ्यास करत, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी गिरणीच्या भिंतीला लागून एक गाडी उभी राहायची. तिथला वडापाव हेच त्यांचं कितीतरी दिवस संध्याकाळचं जेवण होतं. आमचं लग्न ठरल्यावर त्यांनी मला पहिल्यांदा बाहेर खायला नेलं तेही तिथेच. मी तेव्हा कॉलेजात शिकत होते, हातात रुमाल धरून होते, आणि चटणीने माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. ते घाबरून म्हणाले, "आवडलं नाही का?" मी मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून ते त्यांना कळेना. वीस वर्षांनंतरही ते हे सांगून हसत.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांची बदली सिल्वासाला झाली आणि वर्षभरात मलाही इथल्या सरकारी शाळेत नोकरी मिळाली. तुमची आई तेव्हा आठवीत होती. गाव लहान होतं, दुपारी रस्त्यावर कुत्रीसुद्धा दिसायची नाहीत. आमच्या शेजारी कोकणातले, मुंबईचे, असे नोकरीसाठी आलेले लोक. सगळ्यांना काही ना काही आठवायचं. कुणाला ओले बोंबील, कुणाला नाटक, कुणाला नुसती ट्रामच्या काळची गर्दी. यांना वडापाव. पहिल्याच रविवारी ते मला बस स्टँडजवळच्या एका गुजराती काकांच्या लारीवर घेऊन गेले. काकांनी पाव तव्यावर तेलात लाल मसाला टाकून परतला, वड्यावर गोड चटणी ओतली आणि वरून मूठभर शेव. आजोबांनी एक घास खाल्ला आणि अत्यंत नम्रपणे विचारलं, "काका, बटाट्यात साखर आहे का?" काका म्हणाले, "तो नाखवी ज पडे ने, साहेब. खांड विना टेस्ट क्यांथी आवे?" साखरेशिवाय चव कुठून येणार, असं त्यांचं म्हणणं. आजोबांनी तो संपवला आणि पैसे दिले. घराशी आल्यावर म्हणाले, "दाबेलीचा मामेभाऊ होता. वाईट नव्हता, पण आपला नव्हता."

तिथून तो शोध सुरू झाला. जिथे नवी गाडी लागल्याचं कानावर येई तिथे रविवारी सकाळी आम्ही जायचो. रांध्याला बाजाराच्या दिवशी एक जण घाणा काढायचा, तिथे गेलो. दमणगंगेच्या पुलाजवळ गेलो. वापीच्या वाटेवर गेलो. मार्क मी द्यायचे असं ठरलं, कारण यांचं म्हणणं, "मी पक्षपाती आहे. माझ्या डोक्यात आधीच एक वडापाव बसलाय. तू तपासनीस." पंचवीसपैकी मार्क. वड्याला दहा, चटणीला सात, पावाला पाच, आणि गरम असण्याला तीन. आणि त्यांचा एक नियम होता, तो मोजणीतून आलेला. मोजणीत एक रेघ एका टोकाकडून मोजली की ती पुन्हा दुसऱ्या टोकाकडून मोजायची. दोन्ही मापं जुळली तरच ते माप लिहायचं. एका मापाला ते माप मानायचेच नाहीत. तसं प्रत्येक गाडीवर आम्ही दोनदा जायचो, मध्ये पंधरा दिवस सोडून. पहिल्या वेळचे मार्क मी चिठ्ठीवर लिहून माझ्याजवळ ठेवायचे, त्यांना दाखवायचे नाहीत, आणि दुसऱ्या वेळी सांगायचे. तुमची आई म्हणायची, "बाबा, तुम्ही वडापाव खाता की त्याचा सातबारा काढता?"

सगळ्यात जास्त अठरा मार्क मिळाले होते, आणि ते ज्याला मिळाले तो माणूस सहा महिन्यांत गाडी विकून सुरतेला गेला. तरी ते निराश झालेले मी पाहिले नाहीत. त्यांना शोधण्याचाच आनंद असावा असं मला तेव्हा वाटायचं. आता वाटतं, तसं नव्हतं. निवृत्तीनंतर मुंबईला परत जायचं त्यांच्या मनात होतं, पण चाळीतली खोली भावांच्या वाटणीत गेली, गिरणी बंद पडली, गाडी कुठे गेली कुणाला ठाऊक नव्हतं. परत जायला काही राहिलंच नव्हतं. एकदा ते म्हणाले, "इथे एक सापडला ना विमल, की हे गाव माझं झालं असं म्हणेन मी." मी तेव्हा वह्या तपासत होते. मी नुसतं हं म्हटलं.

मग त्यांना हृदयाचा झटका आला. खानवेलच्या बाजूला भर दुपारी एका शेतात मोजणी चालू असताना ते खाली बसले, आणि बरोबरच्या माणसांनी त्यांना जीपमध्ये घालून आणलं. पुढे वलसाडच्या दवाखान्यात दोन आठवडे काढले. डॉक्टरांनी तेल, तळण, मीठ सगळं बंद करायला सांगितलं. तुमची आई धावत आली होती, नील, तेव्हा तिच्या कडेवर होतास तू. परत जायच्या दिवशी तिने त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "बाबा, वडापाव खाणार नाही असा शब्द द्या मला." ते म्हणाले, "एक घासही नाही. दिला." तुमचे आजोबा दिलेला शब्द पाळत, त्याचं त्यांना कौतुकही नसायचं. सरळ रेघ सरळच असते असं काहीसं त्यांना वाटायचं.

पण शोध थांबला नाही. महिन्याभराने ते हळूच म्हणाले, "मी नाही खाणार. पण तू खा आणि मला सांग." मला हसूही आलं आणि भरूनही आलं. तेव्हापासून आमचे रविवार असे झाले: ते स्कूटर बाजूला लावून लांब उभे राहायचे, मी गाडीवर जाऊन एक वडापाव घ्यायची, खायची, आणि मग त्यांच्याजवळ येऊन सांगायची. ते बारीक प्रश्न विचारायचे. आवरण दाताखाली तुटलं की ताणलं गेलं? बटाटा चेचलेला आहे की पिठासारखा? मिरची आधी लागते की मागून? मी इंग्रजीच्या धड्यावर जसं सविस्तर उत्तर लिहून घ्यायची तशी त्यांना उत्तरं द्यायची. ते डोळे मिटून ऐकायचे आणि मध्येच गिळायचे. ते गिळणं मला पाहवायचं नाही. म्हणून खरं सांगायचं तर मी वाईट गाड्यांवर खूश असायची. वाईट वडापावाचं वर्णन ऐकताना त्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं नाही.

गलोंड्याला तेव्हा कारखाने उभे राहत होते. ते निवृत्त झाले होते, पण शेडच्या जागांच्या हद्दी तपासायला लोक त्यांना बोलवायचे. तिथे एका फाटकासमोर धुळ्याकडच्या एका बाईने गाडी लावली आहे, शिफ्ट सुटली की उभं राहायला जागा नसते, असं त्यांनी ऐकलं. आम्ही गेलो. रस्त्याच्या या बाजूला नाल्यावरची एक छोटी मोरी होती, तिच्या कठड्यावर ते बसले, आणि मी पलीकडे गेले. बाईंचं नाव मंगलाबाई. नवरा आतल्या कारखान्यात कामाला, मुलगी माझ्याच शाळेत सहावीत. मला बघून त्यांनी पदर खोचला आणि पोरांना ओरडल्या, "सरका रे, टीचरबाई येल शेत. आधी त्यांना." गाडीच्या फळीवर एक दगडी खल होता. त्यात सुकी लाल मिरची, शेंगदाणे आणि लसूण त्या तिथल्या तिथे कुटत होत्या. वड्याच्या सारणातही लसूण ठेचलेला, मिरचीचे जाडसर तुकडे, कोथिंबीर देठासकट. मी पहिला घास घेतला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मला लालबागची ती गाडी आठवली. मी खोटं सांगत नाही, तशीच चव होती. तसंच मऊ, तसंच झोंबणारं, आणि मागून लसणाचा तो कडक दर्प. चोवीस. पंचवीस मी कुणालाच देत नाही, म्हणून चोवीस. वडापाव संपेपर्यंत मी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले. मला कळलं होतं की मी रस्ता ओलांडून जर चोवीस म्हटलं, तर हा माणूस लेकीला दिलेला शब्द मोडेल. आज नाही मोडणार, पण मोडेल. एक घास म्हणत, मग एक रविवार म्हणत. आणि मला त्यांना ठेवून घ्यायचं होतं... एवढंच होतं माझ्या मनात. मला ते हवे होते.

मी रस्ता ओलांडला. त्यांनी विचारलं, "कसा आहे?" मी म्हटलं, "अहो, नुसती गर्दी आहे. लसूणच लसूण. दुसरं काही लागतच नाही. मिरचीचे तुकडे दातात येतात, चटणी कोरडी आणि ओबडधोबड." खोटं बोलताना माणूस लांबचं काही शोधत नाही, जे जिभेवर असतं तेच उचलतो. त्या वडापावात जे जे चांगलं होतं ते मी एकेक करून दोष म्हणून सांगितलं. त्यांनी गाडीकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "वास तर वेगळा येत होता." मी म्हटलं, "वासाला काय..."

पंधरा दिवसांनी नियमाप्रमाणे दुसरं माप. मी टाळायचा प्रयत्न केला, म्हटलं, एवढ्या वाईटासाठी परत कशाला जायचं. ते म्हणाले, "एका टोकाकडून मोजलेलं मी लिहीत नाही, तुला माहीत आहे." आम्ही गेलो. मी पुन्हा खाल्ला, पुन्हा पाठ करून उभी राहिले, पुन्हा तेच सगळं सांगितलं, शब्दही बदलू दिले नाहीत. मार्क अकरा. पर्समधून पहिल्या वेळची चिठ्ठी काढून दाखवली, तिच्यावरही अकरा. ती चिठ्ठी मी आदल्या दिवशी घरी बसून लिहिली होती. त्यांनी दोन्ही आकडे पाहिले आणि म्हणाले, "जुळलं. पक्कं झालं." त्यानंतर तुम्हाला आलेल्या त्यांच्या प्रत्येक पत्रात एक ओळ असायची, की सिल्वासात अजून नाही सापडला. तुम्ही ती वाचून हसत असाल.

पुढची अडीच-तीन वर्षं बरी गेली. मी स्वतःला सांगत होते की ती वर्षं मी कमावली. कदाचित कमावलीही असतील, कुणी सांगावं. मग या वर्षी त्यांच्या हृदयाने हळूहळू काम सोडलं. पाय सुजले, जिना चढवेना, उताणं झोपवेना. वलसाडच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "आता घरी न्या. पथ्य आता सोडा. जे मागतील ते द्या." मी घरी आल्यावर त्यांना विचारलं, काय खावंसं वाटतं? ते लाजल्यासारखे म्हणाले, "मंजिरीला दिलेला शब्द आहे." मी तुमच्या आईला फोन लावला. तिने रडत रडत सांगितलं, "बाबा, तुमचा शब्द मी परत दिला." फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "कुठलाही आण. अकरा मार्कांचासुद्धा चालेल."

मी रिक्षा केली आणि गलोंड्याला गेले. वाटेत सारखं एकच मनात होतं की आज त्यांना चोवीस मार्कांचा वडापाव मिळणार, आणि तो खाल्ल्यावर मी त्यांना सगळं सांगणार. ते रागावतील, बोलणार नाहीत दिवसभर, मग हसतील. शिफ्ट सुटायला वेळ होता. मंगलाबाईंनी मला ओळखलं. मी गाडीकडे पाहिलं आणि मला दगडी खल दिसला नाही. एका प्लास्टिकच्या डब्यात पातळ हिरवी चटणी होती. मी विचारलं, "ती लसणाची कोरडी चटणी कुठाय?"

"ती कवाच बंद केली ना बाई." त्या आनंदाने सांगू लागल्या. "साहेब आले व्हते मागं. तुम्ही दुसऱ्यांदा येऊन गेल्या, त्याच्यानंतर आठ दिवसांनी. म्हने, आमच्या बाई मार्क देतात, तुम्हाला अकराच पडले. लसूण लई व्हतो, मिरची बारीक वाटा, चटणी कोरडी नको. मी म्हटलं, टीचरबाई सांगतात तं ऐकलंच पाहिजे. पोरगी तुमच्याकडं शिकते. तवापासून लसूण नावालाच टाकते मी. आता बघा बरं, किती पडतात."

मोजणीत कुणाची चूक दिसली तर ती त्याला न सांगता निघून यायचं नाही, हाही तुमच्या आजोबांचा नियम होता. इतकी वर्षं संसार करून हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. घरी ते उशीला टेकून वाट पाहत होते. मी म्हटलं, "मंगलाबाई, उद्या मला जुन्या पद्धतीने करून द्याल? पहिल्यासारखा, खलात कुटून?" त्या गोंधळल्या, पण म्हणाल्या, "हाव, देईन ना. उद्या याच वेळेला या." मी त्या दिवशीचा वडापाव बांधून घेतला आणि परत आले.

त्यांनी दोन घास खाल्ले. हळूहळू, डोळे उघडे ठेवून. मी पलंगाच्या कडेला बसले होते. त्यांनी घास गिळला, पाणी मागितलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "अकराच. अगदी बरोबर दिले होतेस तू. एक कमी नाही, एक जास्त नाही." त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. वडापाव चांगला नव्हता, पण माझं माप बरोबर निघालं याचं ते समाधान होतं. तेव्हा मी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं... पण त्या चेहऱ्यावरचं ते समाधान पुसायला माझा हात धजेना. म्हटलं, उद्या खरा आणू, त्याबरोबर सांगू. दुसऱ्या दिवशी त्यांना घोटभर पाणीही गिळता आलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला ते गेले. मी शेजारीच होते.

लोक येऊन गेले. तुमची आई आली आणि गेली. सगळे म्हणत, किती जपलंत हो तुम्ही त्यांना. गेल्या आठवड्यात मी पुन्हा गलोंड्याला गेले. मंगलाबाईंना खरं सांगणं मला भाग होतं, त्यांचं मी नुकसान केलं होतं. गाडीशी उभी राहून मी त्यांना सगळं सांगितलं, चोवीस मार्कांसकट. त्यांचे हात थांबले. पिठाने माखलेली बोटं त्यांनी भांड्याच्या काठावर निपटली.

मग म्हणाल्या, "बाई, पोरी खोटं बोलल्या तं तुम्ही त्यांना बाकावर उभं करता ना?"

"करते."

"मंग?"

त्यांनी एक स्टूल पुढे सरकवलं. म्हणाल्या, "खान्देशातले घिरायक माझे तुटले. म्हनायचे, मंगलाताई, तुझा वडा गुजराती झाला. मी म्हनायची, टीचरबाईनं सांगेल शे, ते चूक नसंल. जाऊ द्या. मी उद्या परत कुटीन, माझं काय अडत नाही. त्या दिवशी बी कुटून ठेवली व्हती. तुम्ही उद्या येते म्हनल्या व्हत्या. संध्याकाळपर्यंत ठेवली, मंग पोरांना वाटली." मग म्हणाल्या, "साहेबांचं वाईट वाटतं."

मी म्हटलं, "त्यांनी तुम्हाला दोष सांगितले त्याच दिवशी फक्त आले होते ना?"

"नाही ना. त्याच्याआधी बी यायचे की, त्या आठ दिवसांत. मोजणीचं काम असलं का दुपारी त्या मोरीवर बसायचे. तिथं वारा इकडून जातो. मी हाक मारायची, साहेब, एक खा, पैसे नका देऊ. तं म्हनायचे, नको, पोरीला शब्द दिलाय, नुसता वास घेतो. एकदा म्हनले, मंगलाबाई, वास तं डिट्टो माझ्या गल्लीचा येतो. मी म्हटलं, मंग खा ना एक घास, कोन बघतं इथं? तं म्हनले, नाही, आमच्या बाईंनी दोनदा खाऊन बघितलाय. अकरा आहेत. माझं नाक चुकत असंल, बाई चुकत नाहीत." त्यांनी हात धुतला, पदराला पुसला. "मंग त्यांनी मला ते लसणाचं सांगितलं. मी तो कमी केला. त्याच्यानंतर बसाया नाही आले कधी. येऊन काय करतील, वास कुठं राहिला व्हता?"

मुलांनो, मी आयुष्यात कितीतरी निकाल लावले. एवढ्या विश्वासाने कुणी माझा निकाल मानला नाही. स्वतःचं नाक, स्वतःची आठवण, इतक्या वर्षांचा शोध, सगळं त्या माणसाने माझ्या अकरा मार्कांखाली ठेवून दिलं आणि तो उठून घरी आला. त्या दिवसांत ते घरी येऊन माझ्याशी नेहमीसारखंच बोलले असतील, मी चहा केला असेल. मला एकही दिवस वेगळा आठवत नाही.

मंगलाबाईंनी गाडीखालच्या पेटीतून खल काढला. धुऊन फळीवर ठेवला, शेजारच्या पोराला लसूण आणायला पिटाळलं. मला म्हणाल्या, "बसा बाई. खाऊन जा." मी म्हटलं, "मी पलीकडे बसते." रस्ता ओलांडून मी मोरीच्या कठड्यावर बसले. दगड उन्हाने तापला होता. फाटकातून एक ट्रक बाहेर आला, धूळ उडाली आणि खाली बसली. समोर त्या लसूण सोलत होत्या, मग कुटू लागल्या, खलाचा आवाज इथवर येत होता. एकदा त्यांनी मान वर करून हाताने बोलावलं. मी बसल्या जागेवरूनच नको म्हणून हात हलवला. तेल तापलं. त्यांनी पहिले चार वडे सोडले, आणि थोड्या वेळाने वास रस्ता ओलांडून आला.